एक अक्षर, दोन आकडे : मॉडेल रॉकेटच्या इंजिनाची ‘ताकद’ कशी वाचावी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेथे तसाच ठेवला आहे.)



गेल्या वेळी आपण ‘मोजणे म्हणजे नेमके काय’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. वेळ संपली होती, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे चांगले उदाहरणही नव्हते. आज ते घेऊन आलो आहोत. ही नळी बघा. लांबी ७० मिलिमीटर, जाडी १८ मिलिमीटर. मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढी. पुठ्ठ्याची आहे, आम्ही घरीच मापाने गुंडाळून केली आहे. खरी नळी दारूने भरलेली असते, ती विमानातून आणता येत नाही. हिच्यावर स्केचपेनने लिहिले आहे : सी६-५. खऱ्या नळीवरही हेच छापलेले असते.

अमेरिकेत मुले आणि त्यांचे आईबाप सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानावर जाऊन छोटी रॉकेटे उडवतात. पुठ्ठा, हलके बाल्सा लाकूड आणि प्लॅस्टिक यांची. ही नळी म्हणजे त्या रॉकेटचे इंजिन. रॉकेट वर जाते, पॅराशूट उघडते, ते सावकाश खाली येते. जळालेली नळी टाकायची, नवी घालायची, पुन्हा उडवायचे. आपल्याकडे हा छंद फारसा रुजलेला नाही. म्हणून आज पहिल्यापासून सुरुवात करू.

पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

आमचा मुलगा कोलोरॅडो राज्यात राहतो. चार वर्षांपूर्वी आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. नातू तेव्हा अकरा वर्षांचा, नात सहा वर्षांची. नातवाने एक रॉकेट जुळवले होते, त्याच्या डोक्यात कोंबडीचे अंडे ठेवायची जागा होती. अंडे वर पाठवायचे आणि न फोडता परत आणायचे, असा तो खेळ आहे. इंजिन आणायला दुकानात गेलो. भिंतीवर पाकिटे टांगलेली. सी६-३, सी६-५, सी६-७. नातू म्हणाला, “आजोबा, कुठलं घेऊ?” आम्ही चष्मा वर केला, तिन्ही पाकिटे पाहिली आणि म्हणालो, “सात घे. किंमत तीच आहे, मग कमी कशाला घ्यायचं?”

चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला माणूस हे बोलला, मित्रहो.

रॉकेट उडाले. टाळ्या झाल्या. वर जाऊन ते थबकले, वळले आणि नाक खाली करून येऊ लागले. पॅराशूट उघडेना. कुणीतरी ओरडलं. ते जमिनीत घुसले आणि त्याच क्षणाला ‘फट्’ असा आवाज होऊन पॅराशूट बाहेर पडले. आमच्या नातीपासून दहा-बारा पावलांवर. अंड्याचे काय झाले ते सांगायला नको. पण आमचे लक्ष अंड्याकडे नव्हतेच. पोरीला उचलून घेतले, तेव्हा हात कापत होते.

इंजिनात काही दोष नव्हता. पाकिटावर जे छापले होते तेच त्याने केले. आम्ही वाचले नव्हते एवढेच. म्हणून आजचा विषय : हे एक अक्षर आणि दोन आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत.

नळीच्या पोटात काय असते

कल्पनेनेच नळी उभी चिरू. कल्पनेनेच, कारण खरे इंजिन कधीही उघडायचे नसते. सगळ्यात खाली मातीची घट्ट दाबलेली अरुंद तोटी असते, तिला नॉझल म्हणतात. तिच्या वर दाबून भरलेली काळी दारू. सोरा, कोळसा आणि गंधक, आपल्या दिवाळीच्या फटाक्यांतली जुनी ओळखीचीच मंडळी. तिच्या वर आणखी एक थर, जो हळू जळतो आणि धूर सोडतो, पण रॉकेटला ढकलत नाही. त्याच्या वर चिमूटभर दारू, जी भस्सकन पेटून वरच्या दिशेने दाब देते आणि पॅराशूट बाहेर ढकलते. आणि सगळ्यात वर मातीचे पातळ झाकण.

पेटवायचे खालून, तोटीतून. तेही काडेपेटीने नव्हे. बारीक तार आत घालून लांबून बॅटरीने. म्हणजे आग खालून वर चढत जाते आणि एकेका थराला भेटते. आधी ढकलणे, मग थांबणे, मग पॅराशूट. नळीवरचे अक्षर आणि पहिला आकडा ढकलण्याबद्दल आहे. दुसरा आकडा थांबण्याबद्दल.

आपल्या दिवाळीच्या बाणाशी तुलना करा. लहानपणी आपण सगळ्यांनी बाटलीत ठेवून बाण सोडले आहेत. तो किती वर जाईल, कुठे वळेल, काडी कुणाच्या गच्चीत पडेल, काही ठाऊक नसते. त्या न ठाऊक असण्यातच मजा असते. मॉडेल रॉकेटच्या इंजिनाची सगळी भिस्त याच्या उलट गोष्टीवर आहे : आज उडवलेले सी६-५ आणि पुढच्या वर्षी उडवलेले सी६-५ जवळजवळ सारखेच वागले पाहिजे.

अक्षर : एकूण किती

आता अक्षर. ए, बी, सी, डी. हे अक्षर ‘एकूण आवेग’ सांगते. शाळेच्या पुस्तकात बलाचा आवेग हा शब्द आपण वाचलेला आहे : बल गुणिले वेळ. एकक न्यूटन-सेकंद. साखरेची १०० ग्रॅमची पुडी तळहातावर धरा. ती हाताला साधारण एका न्यूटनाने खाली दाबते, हात तिला तेवढ्याच बळाने वर रेटतो. एक सेकंद धरलीत, तर तुमच्या हाताने तिला सुमारे एक न्यूटन-सेकंद आवेग दिला. दहा सेकंद धरलीत, दहा न्यूटन-सेकंद.

ए म्हणजे १.२६ ते २.५ न्यूटन-सेकंद. बी म्हणजे २.५१ ते ५. सी म्हणजे ५.०१ ते १०. डी २० पर्यंत, ई ४० पर्यंत, एफ ८० पर्यंत, जी १६० पर्यंत. प्रत्येक अक्षराला वरची मर्यादा दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे दुप्पट करत ठेवण्याची गोष्ट आठवते ना? तोच प्रकार. ए पासून ओ पर्यंत चौदा वेळा दुप्पट केले, की २.५ चे ४०,९६० न्यूटन-सेकंद होतात. अंगठ्याएवढ्या नळीपासून निघून आपण दोघातिघांनी मिळून उचलायच्या यंत्रापर्यंत येतो, आणि मधे फक्त चौदा पायऱ्या असतात. बाराखडीच्या हिशेबाने ‘चार अक्षरे पुढे’ हे अंतर किरकोळ वाटते. इथे ती सोळापट असते.

दुसरी गंमत बघा. अक्षर हा एक पट्टा आहे, एक संख्या नव्हे. दहावीच्या निकालात ४५ टक्केवाला आणि ५९ टक्केवाला, दोघेही सेकंड क्लास. आणि ५९ व ६० मध्ये एका टक्क्याचा फरक, पण वर्ग वेगळा. तसेच इथे. ५.१ न्यूटन-सेकंदाचे इंजिनही सी, आणि १० चेही सी. पहिले खरे म्हणजे भरगच्च बी ला जास्त जवळ. प्रत्यक्षात १८ मिलिमीटरचे नेहमीचे सी६ चाचणीत सुमारे ८.८ न्यूटन-सेकंद देते. त्याचा थोरला भाऊ डी१२ सुमारे १७ देतो, २० नव्हे. कुणी फसवत नाही, दोन्ही आपापल्या पट्ट्यात आहेत. आपणच अक्षराला संख्या समजून बसतो.

पहिला आकडा : किती जोराने

आता सी नंतरचा ६. हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. ६ न्यूटन म्हणजे साधारण ६०० ग्रॅम वजन तोलून धरण्याइतका जोर.

घरातल्या पाण्याचे उदाहरण घेऊ. पिंपात पाणी किती आहे, ते अक्षर. तोटीतून किती जोराने येते, तो आकडा. दोन्ही ठाऊक असले, की पिंप किती वेळात रिकामे होईल ते निघते. १० ला ६ ने भागले तर १.७ सेकंद. प्रत्यक्षात सी६ जवळपास १.९ सेकंद जळते आणि सरासरी रेटा पाचाच्या थोडा आतच भरतो. नावातला ६ हा गोळाबेरीज आकडा आहे.

आणि सरासरी म्हटली की आपण सावध व्हायला हवे. नदीची सरासरी खोली तीन फूट म्हणून कुणी डोळे मिटून पाण्यात उतरत नाही. सी६ चा रेटा सुरुवातीला, साधारण पहिल्या पाव सेकंदात, १४ न्यूटनपर्यंत चढतो. मग एकदम उतरून ५ च्या आसपास स्थिर राहतो. हे मुद्दाम केलेले असते. तोटीच्या वर दारूत छोटी पोकळी ठेवतात, त्यामुळे सुरुवातीला पेटलेला पृष्ठभाग मोठा असतो, वायू जास्त निघतो. कारण असे : रॉकेट जमिनीवर एका उभ्या सळईच्या आधाराने उभे असते. सळई सुटल्यावर त्याला सरळ ठेवणारे फक्त शेपटीचे पंख, आणि ते हवा जोरात वाहिली तरच काम करतात. रॉकेट सळईवरून रेंगाळत सुटले तर वाट्टेल तिकडे जाईल.

म्हणून छांदिष्ट मंडळींचा एक साधा अंदाज आहे. सरासरी रेटा रॉकेटच्या एकूण वजनाच्या किमान पाचपट हवा. ६ न्यूटनला ५ ने भागा, १.२ न्यूटन. म्हणजे सुमारे १२० ग्रॅम, इंजिन धरून. सी६ ला त्याहून जड रॉकेट लावू नये.

दुसरा आकडा : किती वेळ थांबायचे

आता शेवटचा ५. आम्हाला नडलेला. दारू संपल्यापासून पॅराशूट ढकलले जाईपर्यंतचे सेकंद. हळू जळणाऱ्या त्या थराची जाडी, एवढेच.

दारू संपली तरी रॉकेट लगेच थांबत नाही, वेगाच्या बळावर वर जातच राहते. हलके आणि वेगवान असेल तर बराच वेळ. जड आणि सुस्त असेल तर थोडाच वेळ. अगदी वर पोचून क्षणभर थबकते, तेव्हा पॅराशूट उघडायला हवे. आधी उघडले तर वेगाने फाटेल. नंतर उघडले तर काय होते ते आम्ही पाहिले आहे.

त्या संध्याकाळी मोडक्या रॉकेटचे तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. त्यात अंड्याचे आणि भरलेल्या इंजिनाचे वजन मिळवले. १८० ग्रॅम. म्हणजे पाचपटीचा नियम पहिल्याच पायरीवर मोडला होता. पुढचा हिशेब नातवाबरोबर केला. इंजिनाचा आवेग ८.८. त्यातला तीन-साडेतीन न्यूटन-सेकंद गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्यातच गेला. उरले साडेपाचच्या आसपास. १८० ग्रॅमला वाटले, तर वेग आला सेकंदाला सुमारे ३० मीटर. तोवर ते सुमारे ३० मीटर उंच गेले असेल. ३० मीटर वेगाची वस्तू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तीन सेकंदांत थांबते, आणि तेवढ्यात आणखी ४५ मीटर चढते. म्हणजे शिखर ७५ मीटरवर, आणि सातांतले तीन सेकंद संपलेले. राहिले चार. चार सेकंदांत वस्तू किती पडते? जवळपास ७८ मीटर.

७५ मीटर उंची, ७८ मीटर पडणे. जमीन आणि पॅराशूट एकाच वेळी. हवेचा अडथळा आम्ही सोडून दिला होता, तरी घटना कागदावर जशीच्या तशी उतरली. नातू बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे हे आधीच कळलं असतं.”

हो. आधीच कळले असते. विलंबाच्या आकड्यात मोठा-लहान, चांगला-वाईट काही नसते. सी६-३ आणि सी६-७ यांची ढकलण्याची दारू तीच. ३ जड रॉकेटसाठी, ७ हलक्यासाठी. तिथे शून्यही असतो, सी६-०. ते दोन टप्प्यांच्या रॉकेटच्या खालच्या टप्प्यात घालतात. त्यात विलंब नाही, पॅराशूटची दारूही नाही. खालचे जळत संपले की त्याची आग थेट वरच्या इंजिनाला पेटवते. शून्य म्हणजे ‘बिनकामाचे’ असा अर्थ आम्ही त्या दुकानात नक्कीच लावला असता.

मग ताकद कुठे आहे?

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. नळीवर तीन गोष्टी लिहिल्या आहेत : आवेग, रेटा, वेळ. ‘पॉवर’ कुठे आहे? दुकानदार विचारतो, किती पॉवरचं हवं? छंदातच लो पॉवर, मिड पॉवर, हाय पॉवर असे शब्द आहेत. पण भौतिकशास्त्रात ज्याला पॉवर म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकातली ‘शक्ती’, म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य, ती या नळीवर कुठेच छापलेली नाही. आणि ती छापता येतच नाही. का, ते पाहू.

मराठीत आपण बल, शक्ती, जोर, ताकद, ऊर्जा हे शब्द सरमिसळ वापरतो. युरोपातही लॅटिन ‘व्हिस’ या एका शब्दावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. देकार्तने १६४४ मध्ये म्हटले, की विश्वात वस्तुमान गुणिले वेग ही राशी कायम राहते. १६८६ मध्ये लायब्निझने त्याची चूक दाखवली. त्याचा युक्तिवाद साधा होता. एक शेर वजन चार हात उंचीवरून पडले, किंवा चार शेर वजन एक हात उंचीवरून पडले, तर दोन्हीकडे वर उचलायचे कष्ट सारखेच. पण खाली पोचतानाचे वेग मोजा. पहिल्याचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट, चौपट नव्हे. मग वस्तुमान गुणिले वेग एकीकडे दोन येते, दुसरीकडे चार. ते सारखे नाही. वेगाचा वर्ग घेतला तर दोन्हीकडे चार. खरी ‘जिवंत शक्ती’ ती, असे लायब्निझचे म्हणणे. पुढे १७४३ मध्ये दालांबेरने म्हटले, की हा शब्दांचा वाद आहे. आज आपण म्हणतो, दोघे दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. बल किती वेळ लागले ते मोजले तर देकार्तची राशी मिळते. बल किती अंतरभर लागले ते मोजले तर लायब्निझची.

आता पुन्हा नळी. अक्षर देकार्तच्या बाजूचे आहे, बल गुणिले वेळ. उंची लायब्निझच्या बाजूची. अक्षर एकाने वाढवले, आवेग दुप्पट झाला. हवा नसती आणि रॉकेटचे वजन तेच राहिले असते, तर वेग साधारण दुप्पट आणि उंची साधारण चौपट झाली असती. हवा आहे, तिचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, शिवाय मोठे इंजिन जडही असते. त्यामुळे उंची चौपटीच्या खूप अलीकडे राहते, छोट्या रॉकेटात बहुधा दुपटीच्या आसपास.

आता असे बघा. इंजिनाची चाचणी कशी घेतात? ते एका पक्क्या चौकटीत घट्ट बसवतात आणि पेटवतात. चौकटीमागे काटा असतो, तो रेटा नोंदवत जातो. इंजिन जागचे हलत नाही. हलत नाही, म्हणजे त्याने चौकटीवर कार्य केले शून्य. शक्ती शून्य. तेच इंजिन रॉकेटात घाला, ते आकाशात जाते. हलक्या रॉकेटला ते जास्त ऊर्जा देते, जड रॉकेटला कमी. इंजिन तेच, दारू तीच. म्हणजे रॉकेटला मिळणारी ‘पॉवर’ हा एकट्या इंजिनाचा गुण नाहीच. इंजिन आणि रॉकेट यांच्या जोडीतून ती ठरते.

म्हणून इंजिन बनवणारा तिच्याबद्दल काही छापू शकत नाही. तो तेवढेच छापतो, जेवढे इंजिन एकटे असताना खरे राहील. किती आवेग, किती रेटा, किती विलंब. आम्हाला हे लेबल फार प्रामाणिक वाटते. पुढचा निम्मा हिशेब रॉकेट हातात असलेल्या माणसाचा आहे, आणि तो त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला करता येत नाही. पाकिटावर कमाल वजनही छापलेले होते. आमच्या हातात ते रॉकेट होते, घरात काटा होता.

हे लेबल आले कुठून

थोडा इतिहास. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचे वेड लागले. तळघरात, गॅरेजमध्ये रसायने कुटून लोखंडी नळ्यांत भरण्याचे प्रकार सुरू झाले. बोटे गेली, डोळे गेले, काही मुलांचे जीव गेले. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑर्विल कार्लाइल नावाचे गृहस्थ होते, चपलाबुटांचे दुकान चालवायचे. त्यांनी भावासाठी १९५४ मध्येच कागदी रॉकेट आणि बदलता येणारे दारूचे छोटे इंजिन तयार केले होते. व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र केंद्रातले जी. हॅरी स्टाइन यांचा रॉकेटच्या सुरक्षिततेवरचा लेख त्यांनी वाचला आणि त्यांना आपले नमुने पाठवले. स्टाइननी डेन्व्हरमध्ये कंपनी काढली. इंजिने पुरेनात, तेव्हा फटाक्यांच्या धंद्यातल्या घरचा व्हर्नन एस्टेस नावाचा तरुण पुढे आला. त्याने एकामागून एक इंजिने दाबून भरणारे यंत्र तयार केले, त्याचे लाडके नाव ‘मेबल’. पुढे त्याचा कारखाना कोलोरॅडोतल्याच पेनरोज गावी गेला.

मुख्य कल्पना अशी होती : पोराने स्फोटक दारूला हातच लावायचा नाही. दारू यंत्राने भरायची, प्रत्येक नळी सारखी, आणि ती काय करेल ते तिच्यावर लिहिलेले. पूर्वी रेटा पौंडात लिहीत, नंतर न्यूटन आले. पण लिहिण्यामागचे कारण तेच राहिले.

शेवटी

आठ दिवसांनी नातवाने नवे नाक बसवले. या वेळी आम्ही वजन आधी केले. अंडे काढून टाकल्यावर भरले १२०. जेमतेम पाचपट. रॉकेट जाडजूड, हवेत फार वेळ चढत राहणारे नव्हे, म्हणून सी६-३ घेतले. नियम सांगतो, की डी पर्यंतच्या इंजिनाला किमान १५ फूट लांब उभे राहावे. आम्ही पोरांना पन्नास पावले मागे नेले. दारू संपल्यावर नात मोठ्याने मोजू लागली, एक, दोन, तीन. तीनला पॅराशूट उघडले. ती पोर आमच्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, सातपर्यंत मोजायला नाही लागलं.”

आता काही प्रश्न असतील तर घेऊ.

*(श्रोत्यांतून एक भगिनी : दोन छोटी इंजिने लावली तर एक मोठे लावल्यासारखे होते का?)*

चांगला प्रश्न. आवेगाची बेरीज होते. दोन सी मिळून फार तर एक डी. पण दोन्ही एकाच क्षणी पेटली पाहिजेत. एक पेटले आणि दुसरे राहिले, तर रॉकेट एका अंगाला ढकलले जाईल. बेरीज कागदावर सोपी असते, पेटवताना ती आपोआप होत नाही. नवख्याने हे करू नये.

*(एक विद्यार्थी : सर, सगळ्यात मोठी इंजिने कुणालाही मिळतात का?)*

नाही. अमेरिकेत एच पासून पुढे प्रमाणपत्र लागते आणि वय किमान अठरा. एच आणि आय साठी पहिली पायरी. जे, के, एल साठी दुसरी, तिला लेखी परीक्षाही आहे. एम, एन, ओ साठी तिसरी. आणि बाळा, तुझ्या मनात जे आहे ते आम्हाला दिसतंय. घरी दारू कुटून नळीत भरायची नाही. आज आम्ही ज्या आकड्यांबद्दल बोललो ते सगळे यंत्राने भरलेल्या, चाचणी झालेल्या इंजिनाचे आहेत. घरी भरलेल्या नळीवर सी६-५ असे लिहिले, तरी त्या लिहिण्याला काही अर्थ नसतो. तिची चौकटीत चाचणी कुणी घेतलेली नसते.

*(एक ज्येष्ठ श्रोते : इंजिन पेटलेच नाही तर?)*

आधी बॅटरीचा संबंध तोडायचा. मग पूर्ण एक मिनिट थांबायचे, तोवर कुणीही जवळ जायचे नाही. घड्याळ लावून थांबा. आमचा अनुभव असा, की मैदानात उत्सुक पोरांबरोबर उभे असताना वीस सेकंदांनाच माणूस मिनिट समजतो.

पुढच्या व्याख्यानात ‘सरासरी’ या शब्दाकडे जरा निवांत पाहू.